डिफॉल्ट टिपण-फोल्डर

कमांड लाईनवर, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत आज्ञा टाइप करून वापरल्या जाणाऱ्या टिपणप्रणालीला नव्या नोंदी ठेवण्यासाठी कायमचा नेमून दिलेला फोल्डर. आज्ञेत वेगळी जागा सांगितली नसेल, तर टिपण येथेच जाते. नेमणूक बदलल्याने जुनी टिपणे आपोआप नव्या जागी येत नाहीत; ती हलवावी लागतात.

ही नेमणूक सहसा सेटिंगच्या फाइलीत किंवा परिवेशचलात केली जाते. परिवेशचल म्हणजे शेल, अर्थात टाइप केलेल्या आज्ञा चालवणारा प्रोग्राम, स्वतः सुरू केलेल्या प्रत्येक प्रोग्रामला सोबत देतो ती नाव-मूल्याची जोडी. ही सोय युनिक्सच्या १९७९ मधील सातव्या आवृत्तीपासून आहे. 'एनबी' ही प्रणाली मुळात होम फोल्डरातील, बिंदूने सुरू होणाऱ्या व म्हणून साध्या यादीत न दिसणाऱ्या फोल्डरात टिपणे ठेवते. 'झेडके' मात्र वापरकर्ता सध्या ज्या फोल्डरात आहे तो एखाद्या वहीचा, म्हणजे टिपणसंग्रहाचा, भाग आहे का हे आधी पाहते आणि तसे नसेल तरच नेमलेल्या जागेकडे वळते, हे अधिक सोयीचे म्हणावे लागेल.

पत्ता लिहिताना होम फोल्डरासाठी वापरले जाणारे ~ हे चिन्ह अवतरणचिन्हांत घातले, तर शेल त्याचा विस्तार करत नाही. परिणामी काही वेळा चालू जागीच ~ याच नावाचा फोल्डर तयार होतो, आणि तो पुसण्यासाठी दिलेली बेसावध आज्ञा सगळा होम फोल्डर पुसून टाकू शकते.

सोलापूरसारख्या शहरात, जेथे मराठीबरोबर विणकर पद्मशाली समाजाची तेलुगू आणि सीमेलगतची कन्नडही नांदते, एकाच फोल्डरात तीन लिप्यांतील नावे येणे स्वाभाविक आहे. युटीएफ-८ या संकेतनात तिन्ही लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. मात्राही स्वतंत्र चिन्हे असल्याने 'सोलापूर' हे नाव २१ बाइटांचे होते आणि लिनक्सवरील एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेची २५५ बाइटांची मर्यादा ८५ चिन्हांतच संपते. निव्वळ बाइटांच्या क्रमाने यादी लावल्यास आधी मराठी, मग तेलुगू, शेवटी कन्नड नावे येतात.

मराठीपुरती खरी अडचण ऱ्य, ऱ्ह यांची आहे. 'दुसऱ्या-पाळीच्या-नोंदी' या फोल्डरनावातील ऱ्य युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, किंवा साध्या र् नंतर शून्यरुंदीचे अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसत असली तरी त्यांचे बाइट वेगळे असल्याने लिनक्स ती दोन निराळी नावे मानते. सेटिंगमध्ये एक रूप आणि प्रत्यक्ष फोल्डराला दुसरे असेल, तर प्रणाली 'फोल्डर सापडत नाही' असे कळवते किंवा त्याच दिसणाऱ्या नावाचा दुसरा फोल्डर उघडून नवी टिपणे तिकडे टाकू लागते. म्हणून पत्ता हाताने टाइप न करता, असलेल्या फोल्डराचे नाव टॅब कळीने पुरे करून घेऊन तेच सेटिंगच्या फाइलीत चिकटवतात.