मुधोळकरांचा प्रश्न आणि नाथ पैंचं बिल

केशवानंद भारती खटल्याचं नाव निघालं की बहुतेकांना नानी पालखीवाला आठवतात. आठवावेतच. तेरा न्यायमूर्तींचं खंडपीठ, ६८ दिवस चाललेली सुनावणी आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा काठावरचा निकाल: संसद घटनेत दुरुस्ती करू शकते, पण घटनेची पायाभूत चौकट मोडू शकत नाही. या गोष्टीत मला मात्र दुसरीच दोन माणसं जास्त खुणावतात. न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर आणि खासदार नाथ पै. दोघंही मराठी, दोघंही सरळ, आणि एका मूलभूत प्रश्नावर दोन टोकांना.

वादाचं मूळ जमिनीत आहे, अगदी शब्दशः. स्वातंत्र्यानंतर राज्यांनी जमीनदारी संपवणारे कायदे केले. जमीनदार कोर्टात गेले, कारण मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता. मग १९५१ च्या पहिल्याच घटनादुरुस्तीने नववं परिशिष्ट जन्माला आलं. त्यात घातलेल्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या नावाखाली आव्हान देता येणार नाही, अशी सोय. सुरुवातीच्या तेरा कायद्यांत मुंबई राज्याचे कितीतरी होते: कूळ कायदा, खोती रद्द करणारा कायदा, परगणा आणि कुळकर्णी वतनं संपवणारा कायदा.

आमचं घराणं कोकणातल्या एका गावचं खोत. त्यामुळे हा इतिहास मी पुस्तकात वाचण्याआधी ओटीवर ऐकला. कूळ कायद्याचा विषय निघाला की आजोबा पानाचा डबा जवळ ओढायचे आणि मग तासभर 'कसेल त्याची जमीन'चा उद्धार. १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'ला ते 'एप्रिल फूल' म्हणायचे. खालच्या आवाठातल्या कुळांच्या घरी त्याच दिवसाची आठवण अर्थातच वेगळी होती. पिढ्यान्‌पिढ्या खंड घालणाऱ्या माणसाच्या नावावर सातबारा चढणं म्हणजे काय, हे खोताच्या नातवाने सांगू नये. तरी एवढं लिहितो, की तो कायदा कोर्टात अडकून पडला असता तर कोकणातल्या हजारो घरांचं स्वातंत्र्य कागदावरच राहिलं असतं.

म्हणजे संसदेच्या बाजूने बोलणाऱ्यांकडे भक्कम नैतिक मुद्दा होता. हे लक्षात ठेवलं नाही तर पुढचा वाद कळत नाही.

१९६४ मध्ये सतराव्या दुरुस्तीने नवव्या परिशिष्टात आणखी ४४ कायदे गेले. त्याविरुद्धचा खटला सज्जन सिंग विरुद्ध राजस्थान. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पाच जणांच्या खंडपीठाने दुरुस्ती वैध ठरवली. बहुमताचं निकालपत्र गजेंद्रगडकरांचं. हिदायतुल्ला आणि मुधोळकर यांनी अर्ज फेटाळण्याला संमती दिली, पण शंका नोंदवून ठेवल्या.

मुधोळकर हे अमरावतीचे रघुनाथ नरसिंह मुधोळकर, म्हणजे १९१२ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष, त्यांचे चिरंजीव. त्यांनी विचारलं ते साधारण असं: घटनेच्या एखाद्या मूळ वैशिष्ट्यातच बदल केला, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं की घटनेचा तेवढा भाग नव्यानेच लिहिला असं म्हणायचं? आणि नव्याने लिहिणं असेल, तर कलम ३६८ ने दिलेल्या अधिकारात ते बसतं का? उत्तर त्यांनी दिलं नाही. प्रश्न ठेवला आणि थांबले.

गंमत बघा, या प्रश्नासाठी त्यांनी आधार घेतला पाकिस्तानच्या सुप्रीम कोर्टाचा! १९६३ मध्ये सरन्यायाधीश कॉर्नेलियस यांच्या कोर्टाने थेट अयुब खान यांचा आदेश उडवला होता. नवी घटना अमलात आणताना 'अडचणी दूर करण्याचा' अधिकार राष्ट्राध्यक्षांना आहे, पण तो वापरून घटनेचं मूलभूत वैशिष्ट्य बदलता येणार नाही, असं म्हणून. लष्करशहाच्या नाकाखाली! आपल्याकडे आज ज्या सिद्धांताचा एवढा अभिमान आहे, त्याच्या बीजातलं थोडं बी तिकडून आलेलं आहे.

१९६५ मध्येच जर्मन कायदेपंडित डीट्रिश कॉनराड यांनी बनारस हिंदू विद्यापीठात व्याख्यान दिलं. त्यांनी विचारलं की पुरेसं बहुमत हाताशी आहे म्हणून दुरुस्तीच्या कलमाने देशाचे दोन तुकडे करता येतील का? मोगल बादशहा परत गादीवर बसवता येईल का? ऐकायला अतिशयोक्ती वाटते. पण जर्मनीत १९३३ साली हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा दोन तृतीयांश बहुमतानेच झाला होता. कॉनराड तिथून आले होते.

यानंतर २७ फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्याचा निकाल आला. सहा विरुद्ध पाच मतांनी सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संसदेला मूलभूत हक्कांचा संकोच करताच येणार नाही. मुधोळकरांनी प्रश्न नाजूक सुईने टोचला होता, इथे कुऱ्हाड चालली. मालमत्तेचा हक्कही कायमचा दगडात कोरल्यासारखा झाला.

आणि आता नाथ पै. वेंगुर्ल्याचे, बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले, बॅरिस्टर, राजापूरचे खासदार, प्रजा समाजवादी पक्षाचे. (त्यांच्या सभेला आमचे आजोबासुद्धा जायचे. "माणूस चुकीचं बोलतो, पण काय बोलतो!") गोलकनाथच्या निकालानंतर दीड महिन्याच्या आत, ७ एप्रिल १९६७ ला, त्यांनी लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं: मूलभूत हक्कांसह घटनेचं कोणतंही कलम दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे, हे स्पष्ट करा. विरोधी बाकावरचा माणूस संसदेचा, म्हणजे व्यवहारात सत्ताधारी बहुमताचा, हात मोकळा करायला निघाला होता. त्यांची धारणा अशी की सार्वभौमत्व लोकांचं, लोकांचा आवाज संसदेत. पाच-सहा न्यायमूर्तींनी पुढच्या पिढ्यांचे हात बांधू नयेत. पालखीवालांनी या बिलाला कडाडून विरोध केला. बिल रखडत राहिलं. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा बरखास्त झाली आणि १८ जानेवारी १९७१ ला बेळगावात नाथ पै गेले. पन्नाशीही गाठली नव्हती.

बिलात हवं होतं ते इंदिरा गांधींच्या सरकारने त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने करून टाकलं. मग केशवानंद. तिथे मुंबई हायकोर्टातून गेलेले दोन न्यायमूर्ती, पालेकर आणि यशवंतराव चंद्रचूड, दोघंही संसदेच्या बाजूने, अल्पमतात. केरळ सरकारच्या वतीने पालखीवालांसमोर उभे होते महाराष्ट्राचे ॲडव्होकेट जनरल एच. एम. सिरवई. ही सगळी सरकारची होयबा मंडळी होती असं कुणी म्हणेल तर मी भांडेन.

पण १९७५ चा ऑगस्ट आला. आणीबाणी लागलेली. पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या कक्षेबाहेर नेणारी एकोणचाळिसावी दुरुस्ती ७ ऑगस्टला लोकसभेत, ८ ला राज्यसभेत, ९ ला राज्यांची संमती, १० ला राष्ट्रपतींची सही. चार दिवस! आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला याहून जास्त लागतात. आणि त्या वेळी राजापूरचा खासदार कुठे होता? नाथ पैंच्या जागी निवडून आलेले मधू दंडवते बंगळुरात अटक होऊन तुरुंगात होते. लोकांच्या सार्वभौमत्वाच्या नावाने संसद मत देत होती आणि लोकांनी पाठवलेली माणसं कोठडीत होती. नाथ पैंच्या युक्तिवादात ही शक्यता धरलेलीच नव्हती. त्यांची संसद म्हणजे त्यांना ऐकून घेणारी संसद.

त्या दुरुस्तीचं ते कलम सुप्रीम कोर्टाने ७ नोव्हेंबर १९७५ ला रद्द केलं, पायाभूत चौकटीच्या आधारे. रद्द करणाऱ्यांत चंद्रचूडही होते, अडीच वर्षांपूर्वी अल्पमतात असलेले. सिरवईंनीही पुढे आपल्या ग्रंथात मत बदललं. चंद्रचूडांची रेघ मात्र सरळ नाही. २८ एप्रिल १९७६ च्या जबलपूर खटल्यात, आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं म्हणणाऱ्या चौघांत ते होते. एकटे हंसराज खन्ना विरोधात. आणि १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्स खटल्यात, सरन्यायाधीश म्हणून, संसदेच्या अधिकाराला मर्यादा असणं हाच घटनेचा गाभा आहे असं त्यांनीच लिहिलं.

तोवर १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढलासुद्धा होता. त्याने चौकट मोडली नाही. खोत-कुळांसाठी घटनेचा गाभा सोलायची गरज कधी नव्हतीच.

इथे मला थांबता आलं असतं तर बरं होतं. पण १६ ऑक्टोबर २०१५ ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक मतांनी न्यायाधीश नेमणुकांचा आयोग रद्द केला. संसदेत जवळपास एकमताने मंजूर झालेली दुरुस्ती, आणि कारण तेच, पायाभूत चौकट. नेमणुकांचा ताबा पुन्हा न्यायमूर्तींच्या कॉलेजियमकडे. निकाल वाचताना मला पालखीवालांपेक्षा नाथ पै जास्त आठवले. लोकांनी निवडून दिलेल्यांना मर्यादा हवी हे आता मी मानतोच. पण मर्यादा घालणाऱ्याला कोण निवडतं, हा त्यांचा प्रश्न मुधोळकरांच्या प्रश्नासारखाच उत्तराविना पडून आहे.