बंद पिशवीतला विषाणू

आपल्यापैकी बहुतेकांच्या दंडावर बीसीजीचा व्रण आहे. आजची गोष्ट तिथूनच सुरू करू.

क्षयावरची ही लस मूत्राशयाच्या कर्करोगावरही चालते. कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी ती नळीने थेट मूत्राशयात सोडली आणि नऊ रुग्णांचा अनुभव १९७६ साली प्रसिद्ध केला. लशीने आत दाह होतो, प्रतिकारशक्ती जागी होते आणि कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. पण काहींना बीसीजी लागूच पडत नाही. मग मूत्राशय काढायचे आणि पुढे अनेकांना पोटावर पिशवी लावून जगायचे. दुसरा काही इलाज आहे का हो, असे रुग्ण विचारतो ते इथे.

आता विषाणूकडे वळू. सर्दी-खोकल्याचा अडेनोव्हायरस १९५३ साली अमेरिकेत सापडला. पेशीत शिरून आपली जनुके आत सोडणे हा त्याचा धंदा. संशोधकांनी त्याची वाढ होऊ देणारे जनुक काढले आणि हवे ते जनुक भरले. थोडक्यात, चोराला पोस्टमन केले.

पण पोस्टमन कुठल्या वाटेने पाठवायचा? १९९९ साली फिलाडेल्फियात जेसी गेल्सिंगर या अठरा वर्षांच्या मुलाच्या यकृताकडे जाणाऱ्या रोहिणीत असा विषाणू सोडला. प्रतिकारशक्ती बेफाम झाली आणि चार दिवसांत तो गेला. जनुकोपचाराचे सगळे क्षेत्र हादरले.

मूत्राशयाचे तसे नाही. ती बंद पिशवी आहे. औषध नळीने आत सोडा, तासभर ठेवा, बाहेर काढा. रक्तात फारसे जात नाही. अडचण अस्तराची, ते विषाणूला सहज आत घेत नाही. म्हणून सोबत सिन-३ नावाचे द्रव्य देतात. विषाणूत इंटरफेरॉनचे जनुक असते. नुसते इंटरफेरॉन सोडले तर लघवीवाटे निघून जाते. जनुक पोहोचले, की पेशी स्वतःच ते बनवत राहतात.

अमेरिकेतल्या चाचणीत, बीसीजी लागू न पडलेल्या आणि अस्तरात पसरलेला कर्करोग असलेल्या १०३ रुग्णांपैकी ५५ जणांचा रोग तीन महिन्यांत दिसेनासा झाला. वर्षभरानंतर त्यांतले २५ तसेच होते. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या एफडीएने मान्यता दिली. दर तीन महिन्यांनी एक मात्रा.

म्हणजे चारांतला एक. हा आकडा लहान वाटेल, पण समोर शस्त्रक्रियेची तारीख असलेल्या माणसाला तो लहान वाटत नाही.