आस्कोवची चक्की आणि आस्कोवची शाळा
पवनऊर्जेच्या इतिहासात डेन्मार्कचे पॉल ला कूर यांची ओळख बहुधा एका वाक्यात उरकली जाते: 1891 मध्ये त्यांनी आस्कोव या खेड्यात पवनचक्कीवर वीज तयार केली. वाक्य खरे आहे, पण तेवढ्यावर थांबले तर त्यांचे मोठेपण कळत नाही. वाऱ्यावर वीज करणारे ते पहिले नव्हतेच. 1887 मध्ये स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ यांनी आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेत चार्ल्स ब्रश यांनी ते करून दाखवले होते. ब्रश यांच्या चक्राला तर 144 पाती होती. पण या दोघांचे काम पुढे चालवणारे कोणी उभे राहिले नाही. डेन्मार्कात मात्र ती साखळी तुटली नाही, आणि आज तिथली निम्म्याहून अधिक वीज वारा आणि सूर्यापासून येते. या फरकाचे मूळ यंत्रापेक्षा ला कूर यांनी बसवलेल्या घडीत आहे, असे माझे मत आहे. सरकारचा पैसा, प्रयोगशाळा आणि खेड्यातल्या मुलांची शाळा या तिन्ही गोष्टी त्यांनी एका आवारात आणल्या.

ला कूर मूळचे हवामानशास्त्रज्ञ. 1872 मध्ये डेन्मार्कची हवामान संस्था स्थापन झाली तेव्हा ते तिचे उपसंचालक झाले. तारायंत्रातल्या संशोधनामुळेही त्यांचे नाव झाले होते. असा माणूस 1878 मध्ये राजधानीतली सरकारी जागा सोडून जटलंडमधल्या एका खेड्यात शिकवायला गेला. ती शाळा साधी नव्हती. 1864 च्या युद्धात डेन्मार्कने श्लेसविग गमावले, र्‍योडिंगची लोकशाळा सरहद्दीपलीकडे प्रशियात गेली, आणि तिचेच काम 1865 पासून सरहद्दीच्या अलीकडे आस्कोवला सुरू झाले. परीक्षा नाही, पदवी नाही. शेतकऱ्यांच्या तरुण मुलामुलींनी येऊन शिकायचे. विजेचे दिवे शहरात लागू लागले तेव्हा ला कूर यांना चिंता वाटली ती खेड्यांची. ही शक्ती शहरापुरतीच राहिली तर कारागिरी आणि तरुण मंडळी तिच्यामागे निघून जातील, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी सरकारकडे अनुदान मागितले आणि शाळेजवळ प्रयोगाची चक्की उभारली. सरकारी खुर्ची सोडली तरी सरकारशी असलेले नाते त्यांनी सोडले नाही.

अडचण वाऱ्याच्या लहरीपणाची होती. डायनॅमोला एकसारखी गती हवी आणि वारा तर क्षणाक्षणाला बदलतो. यावर त्यांनी ‘क्रॅटोस्टॅट’ नावाची युक्ती काढली. पट्टा, कप्प्या आणि लटकते वजन यांची ही जुळणी अशी होती, की वाऱ्याचा झोत आला तरी डायनॅमोकडे ठरावीक ओढच जायची. वारा पडल्यावर काय, हा दुसरा प्रश्न. त्यासाठी ते विजेने पाण्याचे विघटन करून हायड्रोजन आणि ऑक्सिजन साठवू लागले. 1895 पासून सुमारे सात वर्षे आस्कोवच्या शाळेत या वायूचे दिवे जळत होते. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई, आणि शाळेच्या इमारतींच्या खिडक्यांच्या काचा नव्याने बसवाव्या लागत. हायड्रोजनवर इंजिन चालवण्याचा बेत काही साधला नाही, आणि पुढे बॅटऱ्यांचा मार्ग धरावा लागला. 1897 मध्ये मोठी चक्की आली. कृत्रिम वाऱ्याच्या नळीत पात्यांचे नमुने तपासून त्यांनी दाखवून दिले की पुष्कळ पात्यांपेक्षा नीट आकाराची मोजकी पाती अधिक काम देतात. हे निष्कर्ष त्यांनी पुस्तकरूपाने छापले. जनतेच्या पैशातून मिळालेले ज्ञान जनतेच्या हाती दिले, ही गोष्ट मला शोधाइतकीच मोलाची वाटते.

1903 मध्ये खेड्यांना वीजकेंद्रे उभारायला मदत करणारी संस्था निघाली आणि 1904 पासून आस्कोवला ग्रामीण वायरमन घडवण्याचे वर्ग भरू लागले. 1908 मध्ये ला कूर वारले. पहिल्या महायुद्धात इंधन तुटले तेव्हा या तयारीचा उपयोग झाला: 1918 च्या सुमारास 120 गाववीजकेंद्रांकडे पवनचक्की होती आणि देशाची सुमारे 3 टक्के वीज त्यांतून येत होती.

यावर आक्षेप असा की युद्ध संपल्यावर कोळशाची मोठी केंद्रे आणि डिझेल इंजिने स्वस्त ठरली, आणि आजचा पवनउद्योग 1973 च्या तेलसंकटातून जन्मला. मग ला कूर यांचे श्रेय ते काय? पहिला भाग मान्य करावाच लागेल. ती गावकेंद्रे एकदिश प्रवाहावर चालत, आणि दूरवर वीज नेणाऱ्या जाळ्यापुढे त्यांचा टिकाव लागणे कठीण होते. पण तेलसंकट सगळ्याच देशांवर आले. अमेरिका आणि जर्मनीने सरकारी पैसा ओतून अजस्र यंत्रे बांधली, आणि त्यांतली बरीचशी लवकरच बंद पडली. डेन्मार्ककडे तोवर एक कसाला उतरलेला नमुना होता. 1904 च्या वर्गात बसलेल्या योहानेस यूल या मुलाने पुढे वीज कंपनीत नोकरी करत 1957 मध्ये गेडसर इथे 200 किलोवॅटची, तीन पात्यांची, थेट प्रत्यावर्ती जाळ्याला जोडलेली चक्की उभारली. ती 1967 पर्यंत चालली, आणि सत्तरच्या दशकात तिच्यावर पुन्हा मोजमापे झाली. यूल यांची रचना ला कूर यांच्या चक्कीसारखी दिसत नाही हे खरे. पण गुरूची नक्कल करणारे विद्यार्थी तयार करणे हा त्या वर्गाचा हेतूच नव्हता. 1978 मध्ये रिसो इथे सरकारी चाचणी केंद्र निघाले, आणि पुढच्या वर्षी 30 टक्के अनुदान सुरू झाले ते तिथे पसंत झालेल्या चक्क्यांनाच. पैसा सरकारचा, कसोटी शास्त्रज्ञांची, यंत्र गावातल्या कारागिरांचे: आस्कोवचीच ही पद्धत आता राष्ट्रीय धोरण झाली होती. त्या काळातल्या 55 किलोवॅटच्या डॅनिश चक्क्या 1986 मध्ये आपल्या रत्नागिरीलाही आल्या.