सातबाऱ्यावर नसलेली थोरली आई

आमच्या घरात आजीला आजी कुणीच म्हणत नव्हतं. माझा बाप, दोन्ही चुलते, सुना, आम्ही नातवंडं, सगळ्यांची ती थोरली आई. कागदोपत्री तिची जन्मतारीख नव्हती. ती सांगायची, मानमोडीची साथ आली तेव्हा मी दोन वर्षांची होते. ती साथ 1918 सालची, म्हणजे तिचा जन्म 1916 च्या आसपासचा. जुनी माणसं अशीच साथीवर, दुष्काळावर वय मोजायची.

आमचा मुलूख माणदेश. पावसाच्या छायेतला. ढग डोक्यावरून जातात, पण उतरत नाहीत. खरिपाला थोडी बाजरी, मटकी, हुलगा, आणि सगळा भरवसा रब्बीच्या जोंधळ्यावर. भादव्याच्या नाहीतर हस्ताच्या पावसानं रान भिजलं की त्या ओलीवर पेरायचं आणि माघ-फाल्गुनात काढायचं. असल्या मुलखात नांगर गडी धरतो, पण बियाणं बाईच्या हातात असतं.

थोरल्या आईचं ते काम बघण्यासारखं होतं. काढणीच्या आधी ती एकटी रानातनं फिरायची. भरल्या दाण्याची, टपोरी, कीड न लागलेली कणसं हेरून वेगळी खुडायची. ती खळ्यावर बैलांच्या पायाखाली कधीच जायची नाहीत. अंगणात उन्हात वाळवून काठीनं हलक्या हातानं बडवायची, पाखडायची, मग चुलीतली चाळलेली राख आणि वाळला लिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची. वरनं शेणामातीनं तोंड लिंपून टाकायची. एकराला साधारण चार किलो जोंधळ्याचं बी लागतं. त्या हिशोबानं बारा एकराला पुरून वर दुबार पेरणीची सोय होईल एवढं बी माळवदाच्या आतल्या अंधाऱ्या खोलीत कायम असायचं. त्या मडक्यांना हात लावायची माझ्या आज्याचीही छाती नव्हती.

आजा 1968 साली गेला. वारसनोंदीच्या वेळी चावडीवर चार शहाणी माणसं बसली आणि फेरफाराला तिन्ही पोरांची नावं लागली. 1956 च्या कायद्यानं नवरा गेल्यावर बायकोलाही पोरांच्या बरोबरीनं वाटा असतो. पण हे चावडीत कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तरी ऐकलं नसतं. थोरली आई तेव्हा सुतकात कोपरा धरून बसलेली. तिला कुणी विचारलं नाही.

मग 1972 चा दुष्काळ आला. तो एका सालाचा नव्हता. आधीच्या सालापासनंच पाऊस कमी होत आला होता, 72 ला त्यानं पुरता हात टेकला. आताच्या पोरांना दुष्काळ म्हणजे पाण्याचा टँकर वाटतो. त्या दुष्काळात आमच्या विहिरीच्या तळाला प्यायपुरतं पाणी होतं, पण दाणा नव्हता आणि वैरण नव्हती. रेशनवर तांबडा मिलो मिळायचा. त्याची भाकरी थापताना फुटायची आणि घशाखाली उतरायची नाही. खिलारी बैलं लोकांनी मिळंल त्या भावात सोडली.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. सरकारनं दुष्काळी कामं काढली होती. पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्ते, खडी फोडणं. पाटलाची सून आणि महाराची सून एकाच ढिगावर खडी फोडत बसायच्या. छप्पन्न वर्षांची थोरली आईही हातात हातोडी घेऊन गेली. बोटांना चिंध्या बांधून दिवसभर दगड फोडायची आणि कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून आम्हा पोरांना आणायची. याच कामांतनं पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 साली विधिमंडळात मंजूर झाला आणि 1979 पासनं लागू झाला. पुढं देशानं तो कित्ता गिरवला. त्या कायद्याच्या पायात असल्या हजारो बायांनी फोडलेली खडी आहे, असं मला वाटतं.

त्याच साली घरात दोन गोष्टी निघाल्या. एक, मडक्यातलं बी दळून खायचं. दुसरी, ओढ्याकाठची काळी चार एकर विकायची. गिऱ्हाईक दारात येऊन बसलेलं. चुलते राजी, बापही गप्प. थोरली आई उंबऱ्यात आली आणि म्हणाली, "कागदावर माझा आंगठा लागत न्हाय, ठावं हाय मला. पर आयका. बी खाल्लं तर दोन म्हैनं जातील, आन पाऊस आल्यावर काय पेरणार? रान एकदा गेलं की माघारी येत न्हाय. चांदी येती." एवढं बोलून तिनं पायातले तोडे आणि दंडातल्या वाक्या काढून बापाच्या पुढ्यात ठेवल्या. गिऱ्हाईक चहा न घेता उठलं.

1973 च्या मिरगाला पाऊस आला. गावात बियाणासाठी रांगा लागल्या. संकरित ज्वारीच्या पिशव्या तालुक्याला येत होत्या, पण त्याला पैसा लागायचा, खत लागायचं. आमच्या घरी राखेतनं बाजरी निघाली, आणि हस्ताला मालदांडी जोंधळा निघाला. आमची पेरून झाल्यावर तिनं भावकीतल्या सात-आठ घरांना मापानं बी दिलं. सुगीला सव्वापटीनं माघारी घ्यायची रीत होती. तिनं जेवढ्यास तेवढंच घेतलं. चांदी मात्र माघारी आली नाही. तिच्या पायांत पुन्हा तोडे मी बघितले नाहीत.

1986 साली शेतकरी संघटनेनं चांदवडला बायांचं मोठं अधिवेशन भरवलं, आणि पुढं लक्ष्मीमुक्ती म्हणून घरच्या लक्ष्मीचं नाव जमिनीला लावा अशी हाक दिली. आमच्या गावातही त्याची चर्चा झाली. मी थोरल्या आईला विचारलं, तुझं नाव लावायचं का? ती हसली. म्हणाली, "माझं आता काय ऱ्हायलंय? तुझ्या बायकूचं लाव. तिला अजून लई साल काढायचीत."

1994 साली ती गेली. त्याच साली महाराष्ट्रानं मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क देणारी दुरुस्ती केली, 2005 ला ती साऱ्या देशाला लागू झाली. थोरली आई गेल्यावर तलाठ्याकडं कसलीच नोंद करावी लागली नाही. तिच्या नावावर काहीच नव्हतं. मृत्यूचा दाखला तेवढा आणला.

ओढ्याकाठची चार एकर आजही आमच्याकडं आहे. वाटण्या झाल्या तेव्हा ती माझ्या हिश्शाला आली. तिच्या सातबाऱ्यावर माझ्याबरोबर माझ्या बायकोचं नाव आहे. बियाणाचा जोंधळाही तीच निवडते. राखेऐवजी आता पत्र्याची कोठी आली आहे, पण कणसं अजून हातानंच खुडावी लागतात.