नवकवी आणि संतांचा काळ

नवकाव्य म्हणजे परंपरेशी फारकत, असा समज आपल्याकडे बराच काळ रूढ होता. वस्तुतः मर्ढेकरांच्या १९४७ सालच्या 'काही कविता' यंत्रयुगाच्या असल्या, तरी त्यांतील कित्येकींचा छंद अभंगाचा व ओवीचा आहे. मर्ढेकरांनी संतांची वाणी घेतली. संतांच्या काळाची चिकित्सा मात्र मराठी घरात जन्मलेल्या एका हिंदी नवकवीने केली. त्याच्या आयुष्याचा एक धागा आमच्या जबलपुरातून गेला आहे.

गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म १९१७ साली ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे झाला. वडील पोलीस खात्यात. बदलीच्या नोकरीतले बालपण कसे असते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहू लागले; त्यांचा 'नवी मळवाट' हा संग्रह १९४९ सालचा. गजाननरावांनी हिंदी पत्करली. १९४३ सालच्या 'तार सप्तक'मधील सात कवींपैकी ते एक. पुढे काही काळ ते जबलपुरात शिक्षक होते. हरिशंकर परसाईंनी १९५६ साली येथूनच 'वसुधा' मासिक काढले, त्यात मुक्तिबोधांची साहित्यिक डायरी प्रसिद्ध होत असे.

१९५५ साली मुक्तिबोधांनी मध्ययुगीन भक्तिआंदोलनावर एक निबंध लिहिला. त्यात संतांचे गुणगान थोडे, चौकशी अधिक. हे आंदोलन कोणाच्या दुःखातून उठले, आणि पुढे कोणाच्या हाती गेले? रामभक्तीच्या शाखेत शूद्र जातींतून एकही प्रभावी कवी का निघाला नाही? त्यांचे उत्तर असे की, खालच्या थरांतून उठलेली ही चळवळ वरिष्ठ वर्गांनी आपलीशी केली आणि तिची धार बोथट झाली.

हे सूत्र सर्वत्र लागू पडेल असे आम्हांस वाटत नाही. महाराच्या भूमिकेतून भारुडे रचणारे एकनाथ ब्राह्मणच होते. तरीही मूळ प्रश्न उरतोच. गतकाळातील नवजागृतीकडे मुक्तिबोध वैभव पाहण्यासाठी गेले नाहीत. ती का मावळली हे समजल्यावाचून आजची जागृती टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. इतिहासाकडे असे पाहणे स्वस्त नसते. १९६२ साली त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली, १९६४ साली ते निवर्तले.

परप्रांतातील आमच्या मंडळांत आषाढीस अभंग गाइले जातात. नोकरीपेशातील आम्ही माणसे बहुधा त्याच वर्गातली, ज्याच्या हाती गेल्यावर चळवळीचा उत्सव होतो. उत्सव अवश्य व्हावा. परंतु चोखोबांचा अभंग गाताना, देवळाबाहेर त्यांस कोणी उभे केले, हेही आम्ही स्वतःस विचारावे. मुक्तिबोधांच्या निबंधाने आमच्यापुढे टाकलेला प्रश्न हाच आहे.