कोपरारक्षक : कबड्डीतील पकडपटूची कारकीर्द

कबड्डीच्या संघात डाव्या किंवा उजव्या टोकाला, अंतिम रेषेच्या जवळ उभा राहून चढाईपटूला पकडणारा खेळाडू म्हणजे कोपरारक्षक. वर्तमानपत्रांत त्याला डावा किंवा उजवा कोपरारक्षक म्हणतात. मैदानावरची पोरे ‘लेफ्ट कॉर्नर’, ‘राइट कॉर्नर’ म्हणतात. सातजणांच्या संघात असे दोघे असतात. त्यांच्या आतल्या अंगाला मध्यरक्षक, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतले ‘कव्हर’. या नोंदीत कोपरारक्षकाच्या कारकिर्दीचा विचार ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातून, विशेषतः शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतून केला आहे.

पुरुषांचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, म्हणजे एका संघाच्या वाट्याला साडेसहा मीटर खोलीचे अंगण येते. मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर निदानरेषा आणि तिच्या मागे एक मीटरवर बोनस रेषा. दोन्ही कडांना एकेक मीटरचे राखीव क्षेत्र असते, पण झटापट सुरू होण्याआधी तिथे पाय पडला की गडी बाद. त्यामुळे कोपरारक्षकाच्या पाठीशी अंतिम रेषा असते, एका बाजूला राखीव क्षेत्र असते आणि समोर तीस सेकंदांचा दम घेऊन आलेला माणूस. त्याला मागे सरकायला जागा नाही आणि बाजूला सटकायलाही नाही. पुढे जायचे ते एकदाच, आणि ती वेळ चुकली तर चढाईपटू हात लावून मध्यरेषेपार गेलेला असतो.

ही वेळ कशी साधतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. मैदानात सहा किंवा सात रक्षक असताना चढाईपटू बोनस घ्यायला येतो. बोनससाठी त्याचा एक पाय रेषेपलीकडे टेकावा लागतो आणि त्याच वेळी मागचा पाय हवेत हवा. म्हणजे त्या क्षणी तो एका पायावर उभा असतो. कसलेला कोपरारक्षक त्याच्या हाताकडे किंवा चेहऱ्याकडे पाहतच नाही, त्याची नजर गुडघ्याखाली असते. टेकलेल्या पायावर भार आला की तो खाली झुकतो, दोन्ही पंजे घोट्याच्या मागून घालतो, खांदा पोटरीला भिडवतो आणि पाय आपल्या छातीकडे ओढतो. ही घोट्याची पकड. ती एकट्याने पुरी होतेच असे नाही. मध्यरक्षकाने त्याच श्वासात धडक दिली किंवा कंबर धरली तर गुण, नाहीतर चढाईपटू अंगावरचे ओझे घेऊनच रेषेकडे झेपावतो आणि त्याला धरलेले सगळे बाद होतात. म्हणून पकड ही बहुधा जोडीची असते. जोडी वर्षानुवर्षे एकत्र खेळलेली असावी लागते. कोण आधी हलणार हे त्यांना बोलून ठरवायला सवड नसते.

नियम पकडीला मोकळीक देतात तशा मर्यादाही घालतात. हातपाय किंवा धड धरता येते. केस किंवा कपडे ओढणे, पायांची कैची घालणे, तोंड दाबून दम मोडणे चालत नाही. मैदानात तीन किंवा कमी रक्षक उरलेले असताना केलेल्या पकडीला एक जादा गुण मिळतो, तिला अव्वल पकड म्हणतात. सगळे गडी बाद झाले तर समोरच्या संघाला लोणाचे दोन गुण जादा जातात. लोण तोंडाशी आलेले असताना कोपऱ्यातल्या एकट्या गड्याने केलेली पकड सामना फिरवते. माझ्या मते कबड्डीतला सर्वांत मोठा गुण तोच, मग फलकावर त्याची किंमत दोनच दिसो.

शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे भाताचे तालुके. शहापुरात माहुलीचा किल्ला, मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा धरणे, आणि मध्य रेल्वेचा वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा असा पट्टा. मुरबाडला रेल्वे नाही. तिथले लोक कल्याण किंवा बदलापूर गाठतात, पलीकडे माळशेज घाट. आगरी, कुणबी, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी, वारली अशा समाजांची ही वस्ती. पावसाळाभर खाचरात चिखल, आणि दिवाळीच्या सुमारास भात कापून झाले की हीच खाचरे पोरांच्या ताब्यात येतात. एखादे सपाट खाचर निवडायचे, भाताचे सड खणून काढायचे, ढेकळे फोडायची, पाणी मारून माती चोपायची, वर शेणाचा सडा द्यायचा आणि फक्कीने रेषा आखायच्या. दोन बांबूंवर दिवे चढले की मैदान तयार. पौषातल्या म्हसाच्या जत्रेपासून गावोगावच्या चैत्रातल्या यात्रांपर्यंतचे महिने हा इथला कबड्डीचा हंगाम.

कोपरारक्षक घडण्याच्या दृष्टीने ही माती फार महत्त्वाची आहे. चढाई घरी आरशासमोर उभे राहूनही थोडीफार शिकता येईल, पकड मात्र पडल्याशिवाय येत नाही. मातीत पडायची भीती लहानपणीच जाते. शिवाय खाचरातली लावणी, बांधबंदिस्ती, डोंगरातून मोळ्या आणणे यांनी कमरेखालचा भाग असा घट्ट होतो, की वाकलेल्या अवस्थेत अर्धे मिनिट काढणे अशा पोराला अवघड वाटत नाही. याची दुसरी बाजूही आहे. मातीवरची सवय घेऊन मुलगा पहिल्यांदा मॅटवर उतरतो तेव्हा त्याचे पाय चुकतात. मॅटवर बूट लागतात, पकड वेगाने लागते आणि चढाईपटू वळतोही वेगाने. राज्य पातळीवरच्या स्पर्धा मॅटवर आणि सराव मातीवर, ही अडचण ग्रामीण ठाण्याची आजची खरी अडचण आहे.

कारकिर्दीची वाट ठरलेली आहे. आधी गावचा संघ, मग तालुक्यातली निमंत्रित सामन्यांची मैदाने, मग जिल्हा निवड चाचणी. 16 वर्षांखालच्यांचा किशोर गट, 20 वर्षांखालच्यांचा कुमार गट आणि त्यानंतर वरिष्ठ गट. जिल्ह्याच्या संघातून राज्य अजिंक्यपद स्पर्धा, तिथल्या कामगिरीवर महाराष्ट्राचा संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा. निवड चाचणीत कोपरारक्षकाची पंचाईत होते ती अशी : चढाईपटू एकटा जाऊन चार गडी मारून दाखवू शकतो, पण कोपऱ्यातल्या मुलाला अनोळखी मध्यरक्षकाबरोबर उभे करतात. जोडीदार नवखा असेल तर चांगली पकडसुद्धा सुटते आणि कागदावर दोष कोपऱ्याच्या नावावर पडतो. निवड समित्यांनी कोपरा आणि मध्यरक्षक यांना शक्य तिथे जोडीने पाहावे, असे या खेळाच्या जाणत्यांचे जुने म्हणणे आहे आणि ते रास्त आहे.

1 ऑगस्ट 2014 रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. उरलेल्या सात तालुक्यांत शहापूर आणि मुरबाड हेच मोठे ग्रामीण तालुके. योगायोग असा, की त्याच्या सहाच दिवस आधी, 26 जुलै 2014 ला, मुंबईत प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. त्याआधी कबड्डीतला ‘व्यावसायिक’ खेळाडू याचा अर्थ महाराष्ट्रात एकच होता : खेळामुळे नोकरी लागलेला माणूस. मध्य आणि पश्चिम रेल्वे, महाराष्ट्र पोलीस, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र यांचे संघ व्यावसायिक गटात खेळत. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. शहापूरच्या आईबापांनी मुलाला रात्रीच्या सामन्यांना जाऊ दिले ते बहुतेक वेळा या नोकरीच्या आशेने, आणि त्यात गैर काहीच नव्हते. पगार, रेल्वेचा पास, सकाळी सराव, दुपारी कामावर हजेरी : या चौकटीत कोपरारक्षकांच्या दोन-तीन पिढ्या खेळल्या.

लीगने पैशाचे माप बदलले. पहिल्या लिलावात सर्वाधिक बोली राकेश कुमारवर लागली, 12 लाख 80 हजार रुपये. 2018 मध्ये एक कोटीची पायरी ओलांडली गेली, आणि ती पहिल्यांदा गाठणारा खेळाडू चढाईपटू नव्हता, तर इराणचा डावा कोपरारक्षक फजल अत्राचली होता. यू मुंबाने त्याला एक कोटी रुपयांना घेतले. पुढे इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूसाठी पुणेरी पलटणने 2 कोटी 35 लाख मोजले, आणि 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. कोपऱ्यातल्या माणसाची किंमत बाजाराला कळली, हे लीगचे मोठे काम मानले पाहिजे.

ठाणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर या काळातले सर्वांत ठळक नाव गिरीश मारुती इर्नाक याचे. डावा कोपरा ही त्याची जागा. जानेवारी 2018 मध्ये हैदराबादला झालेल्या वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेत रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने सेनादलाला 34-29 असे हरवून 11 वर्षांनी अजिंक्यपद आणले, त्या संघात इर्नाक होता. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत तो भारताकडून खेळला. भारताचा तिथे उपांत्य सामन्यात इराणकडून पराभव झाला आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. लीगमध्ये तो पुणेरी पलटण, गुजरात आणि बंगाल या संघांकडून खेळला. घोट्याची पकड किती संयमाने लावावी हे शिकायचे असेल, तर नव्या मुलांनी त्याचे सामने पुन्हा पुन्हा पाहावेत.

महिलांचे मैदान 12 बाय 8 मीटरचे, म्हणजे चढाईपटूला परत जायचे अंतर कमी आणि पकडीला मिळणारा अवधीही कमी. 2012 च्या पाटण्यातील पहिल्या महिला विश्वचषकात दीपिका जोसेफ, सुवर्णा बारटक्के आणि अभिलाषा म्हात्रे या महाराष्ट्राच्या तिघी विजेत्या संघात होत्या. तरीही लीगचा पैसा मुलींपर्यंत पोहोचलेला नाही. मुरबाडच्या एखाद्या हायस्कूलमधली मुलगी कोपऱ्यात कितीही चांगली खेळली, तरी तिची वाट आजही नोकरीच्या चौकटीतूनच जाते, आणि लग्नानंतर ती वाट बहुधा बंद होते.

पकडपटूचे शरीर लवकर थकते. बोटांची हाडे, खांदा आणि सर्वांत जास्त गुडघा. धावत्या माणसाचा भार वाकलेल्या गुडघ्यावर आडवा येतो आणि अस्थिबंध तुटतो. ही गोष्ट कबड्डीपुरतीच नाही. बर्फावरच्या हॉकीतही दोन बचावपटू असेच डावा-उजवा जोडीने उतरतात, आणि त्यांच्यातला श्रेष्ठ मानला गेलेला कॅनडाचा बॉबी ऑर गुडघ्यांपायीच 1978 मध्ये, तिशीतच, थांबला. फरक इतकाच, की त्याच्या गुडघ्यांवरच्या शस्त्रक्रियांचा हिशोब पुस्तकांत आहे. आपल्याकडे गावच्या सामन्यात गुडघा गेलेला मुलगा हळद आणि पट्टीवर पुन्हा उभा राहतो, दोन महिन्यांत पुन्हा पडतो आणि विशीतच प्रेक्षकांत जाऊन बसतो. आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतून थोडा भाग खेळाडूंच्या विम्याला दिला, तर अशा कित्येक कारकिर्दी वाचतील.

तिशीनंतर कोपरारक्षक बहुधा पंच होतो किंवा गावच्या पोरांना शिकवतो. पंचाची परीक्षा देऊन शिट्टी गळ्यात घातलेला जुना कोपरारक्षक ओळखता येतो. तो चढाईपटूच्या तोंडाकडे न पाहता पायाकडे पाहत असतो.

15 जुलैला, कबड्डीमहर्षी शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांच्या जन्मदिनी, महाराष्ट्रात कबड्डी दिन साजरा होतो. शहापूर-मुरबाडच्या मंडळांनी त्या दिवशी एक काम करावे. गावच्या स्पर्धांत ‘उत्कृष्ट चढाई’ आणि ‘उत्कृष्ट पकड’ अशी दोन बक्षिसे पूर्वीपासून दिली जातात, पण फलकावर संघांचे गुण लिहिले जातात आणि सामना संपला की पुसले जातात. ज्यांना पकडीचे बक्षीस मिळाले त्यांची नावे, गाव, साल आणि डावा की उजवा कोपरा, एवढे एका वहीत उतरवून ठेवावे. चषक अजून घराघरांत फळीवर आहेत आणि ते मिळवणारे बरेचजण हयात आहेत.