अस्सलबरहुकूम नक्कल

१९०२ सालच्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्त्यात गौहर जानचे गायन मेणाच्या तबकडीवर उतरविले, तेव्हा जिला दोन घटकाही अपुऱ्या पडत त्या कलेवर तीन मिनिटांत आटोपण्याची शर्त लादली गेली. आणि गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव इंग्रजीत पुकारले, ते ज्या हानोव्हरच्या कारखान्यात रेकॉर्डी छापल्या जावयाच्या, तेथील लोकांना गाणारी कोण हे कळावे म्हणून. हे पुकारणे अनावश्यक समजून अंकीय प्रतीतून छाटणारे महाभाग आज आढळतात. ज्या रेकॉर्डीचा कागदी शिक्का गळून पडला आहे तिच्यावरील गाणारीच्या नावाचा दाखला मात्र तेवढाच उरलेला असतो.

लाखेच्या रेकॉर्डीवरील आवाज संगणकात उतरविण्यात यंत्राचा भाग थोडा आणि निवाड्याचा फार. लाख मद्यार्कात विरघळते, म्हणून धुलाई पाण्यानेच करावी लागते. लाँग प्ले रेकॉर्डीची सुमारे एक सहस्रांश इंची सुई लाखेच्या रेकॉर्डीच्या रुंद खाचेच्या तळाशी साचलेल्या धुळीतून घसरत जाते, यास्तव तिच्या तिप्पट जाडीची सुई हवी. आणि पोलादी सुयांनी खाचेची जी बाजू झिजविली तिच्या किंचित वर वा खाली टेकणारी सुई सापडली, तर मुकी वाटणारी रेकॉर्ड एकाएकी बोलू लागते.

खरी कसोटी वेगाची. विसाव्या शतकाच्या प्रारंभीची मुद्रणे मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनीच झाली असे नाही. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली रेकॉर्ड ७८ ने फिरविली, तर काळी दोनचा गवई जवळजवळ पांढरी तीनमध्ये गाऊ लागतो, त्याची तान अकारण चपळ होते, आणि त्या नकलेवरून शिकणारा विद्यार्थी अस्तित्वातच नसलेल्या गळ्याची तालीम घेतो. साथीच्या पेटीची पट्टी ओळखून वेग ठरविणारा जाणकार म्हणूनच मला अभियंत्यापेक्षा मोडी रुमाल उलगडणाऱ्या कारकुनाचा भाऊबंद वाटतो. खरखर पुसण्याच्या उत्साहात तंबोऱ्याची आसही पुसली जाते. सबब पहिली नक्कल अस्सलबरहुकूम, खरखरीसकट, दफ्तरी ठेवावी, आणि सुईची जाडी, वेग व शिक्क्यालगत कोरलेला क्रमांक यांची नोंद तिच्यासोबत असावी. १९३५ ते १९५५ या काळात मुंबईहून निघालेल्या ‘यंग इंडिया’ छापाच्या रेकॉर्डींचे अंकीकरण संग्राहकांनी ब्रिटिश लायब्ररीच्या साहाय्याने केले, त्याचे मोल त्यातील लोकप्रिय गायकांइतकेच, ज्यांना अन्य कंपन्यांचे दरवाजे बंद होते अशा होतकरूंच्या आवाजांतही आहे.

कॅसेट ही १९६३ ची, फिलिप्सची निर्मिती. सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी तिची अरुंद फीत घरगुती बैठका आणि कीर्तने टिपण्यास स्वस्त पडली, परंतु ज्या यंत्रावर ती भरली त्याच्या, फितीला टेकणाऱ्या हेडाचा कल दुसऱ्या यंत्राशी जुळत नाही, आणि आवाज दबका येतो. अशा वेळी हेडाशेजारचा लहानसा स्क्रू ऐकत ऐकत फिरवावा, झांजेचा आवाज स्वच्छ खणखणू लागला की थांबावे, आणि मगच नक्कल उतरावयास आरंभ करावा.